फ्रेमला पुन्हा त्याच जागी तडा: माउंटन बाइकची दुसरी फ्रेम घेण्याआधी

आधी लक्षण सांगतो. सीटवर बसून पायडल मारलं की बुडाखालून 'कर्र' असा आवाज येतो, उभं राहून मारलं की गप्प. दोन-चार दिवसांनी सीट ट्यूबवर (सीटखालची उभी नळी), टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) जिथे येऊन मिळते त्या जोडाच्या खालच्या अंगाला, रंगात केसासारखी रेघ दिसते. बोट फिरवलं तर नख अडकतं. पुढच्या आठवड्यात तीच रेघ नळीला अर्धा वळसा घालून बसलेली असते.

माझ्याकडे हे तीनदा झालं. पहिल्यांदा २०१६ साली घेतलेल्या मूळ अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर, दुसऱ्यांदा तीच फ्रेम वेल्डिंग करून आणल्यावर, आणि तिसऱ्यांदा चक्क दुसऱ्या, नव्याकोऱ्या फ्रेमवर. ये रे माझ्या मागल्या. पुण्याच्या वेताळ टेकडीवरून उतरणारे बरेच जण 'फ्रेम कुठली घेऊ?' असं विचारतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. कुठली घ्यायची ते शेवटी येईलच, पण जुनी का तुटली हे कळल्याशिवाय नवी घेणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. माझे पैसे त्यात एकदा गेलेत.

तडाच आहे ना?

आवाज आला म्हणजे फ्रेम गेली असं नसतं. नळ्या पोकळ असतात, आवाज एकीकडे होतो आणि ऐकू दुसरीकडून येतो. एका मित्राने बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) दोनदा बदलला, शेवटी कळलं की डाव्या पायडलच्या आट्यांना ग्रीस नव्हतं. म्हणून स्वस्त संशयित आधी घ्या: सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा (कार्बनची पोस्ट असेल तर ग्रीस लावू नका, तिची वेगळी पेस्ट मिळते). मग सीटच्या रेलचे बोल्ट, पायडल, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चकतीचे) बोल्ट, आणि सगळ्यात शेवटी बॉटम ब्रॅकेट. उभं राहिल्यावर आवाज थांबत असेल तर रोग सीट किंवा पोस्टच्या भागात आहे. हँडल ओढल्यावरच येत असेल तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) बघा.

रेघ दिसलीच, तर ती नुसती रंगाची आहे की धातूची, हा पुढचा प्रश्न. जागा साबणाच्या पाण्याने धुवा, टेकडीवरचा लाल फुफाटा रेघेत भरून तिला उगाच भयंकर करतो. रेघेच्या दोन्ही टोकांना बॉलपेनने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा. सपाट रस्त्यावर हळू एक-दोन फेऱ्या मारा. रेघ खुणेच्या पुढे सरकली तर विषय संपला. मात्र रेघ हेड ट्यूबजवळ (हँडलखालची आखूड नळी) असेल तर ही फेरीसुद्धा मारू नका. तिथली फ्रेम सुटली तर माणूस सरळ तोंडावर जातो.

एवढ्याने शंका फिटली नाही तर एक औद्योगिक उपाय आहे. भोसरी-चाकणकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांना 'डीपी टेस्ट' म्हटलं की लगेच कळतं. तीन स्प्रेचे डबे असतात. त्या जागेवरचा रंग खरवडून आधी क्लीनर मारायचा, मग लाल रंगाचं पातळ द्रव, दहा-पंधरा मिनिटं थांबून ते पुसून टाकायचं आणि वरून पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. माझ्या फ्रेमवर तो असा आला की जणू कुणी लाल शाईच्या पेनने नळीवर सही केली होती. डोळ्यांना २० मिमी वाटणारी चीर प्रत्यक्षात ३४ मिमी निघाली.

तडा कुठे आहे त्यावरून कारण कळतं

हा भाग घाईने वाचू नका.

डाउन ट्यूबवर (खालची तिरकी नळी), हेड ट्यूबच्या मागे, जोडापासून थोडं खाली चीर असेल किंवा रंगाला आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, तर एकतर समोरून जोरात धडक बसली आहे किंवा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, फ्रेमच्या मानाने लांब आहे. १०० मिमी ट्रॅव्हलसाठी (फोर्क जेवढा दबतो ते अंतर) बनलेल्या फ्रेमला १४० चा फोर्क लावायची हौस पुष्कळांना असते. फोर्क लांबला की तरफ लांबते आणि प्रत्येक दगडाचा झटका हेड ट्यूबला मागे ढकलतो. शिवाय साधारण दर २० मिमीला हेड अँगल एक अंशाने पडतो, म्हणजे चढावर पुढचं चाक भरकटतं ते वेगळंच.

उजव्या चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी), बॉटम ब्रॅकेटच्या जवळ चीर: तिथे चेन आणि टायर या दोघांना जागा देण्यासाठी नळी चेपलेली असते. चेन अडकून नळी कापली गेली आहे का ते बघा. मागचा टायर फ्रेमला घासून भिंत पातळ झालेलीही मी पाहिली आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायरला थापला गेला की तोच कानशीचं काम करतो.

डाव्या बाजूला, डिस्क ब्रेकच्या कानाजवळ चीर असेल तर फ्रेमला जेवढी चकती चालते त्यापेक्षा मोठी रोटर बसवलेली असण्याचा संभव जास्त. ड्रॉपआउटला (मागचा एक्सल बसतो ती खाच) चीर असेल तर बहुतेक वेळा एक्सल ढिला राहिलेला असतो.

आणि सीट ट्यूब, वरच्या जोडापाशी. हा माझा आजार. बहुतेक उंच मंडळींचाही हाच असतो, कारण आपल्याकडे दुकानात सायकल मिळते ती 'मीडियम आहे, चालेल' म्हणून. ती चालते, फक्त सीट खूप वर काढावी लागते.

वेल्डिंग का टिकलं नाही

पहिल्या तड्यानंतर फ्रेम घेऊन भोसरीला गेलो. मिस्त्री कामात पक्का होता. चीर ग्राइंडरने उघडून त्याने टिग वेल्डिंग केलं. टाका असा सुबक की नाण्यांची चळत आडवी करून ठेवल्यासारखा. म्हणाला, "साहेब, इथून आता तुटणार नाही." खरंच तिथून तुटली नाही. टाक्याच्या ८ मिमी खालून तुटली, तीन महिन्यांनी.

त्यात त्याची चूक नव्हती. बऱ्याचशा फ्रेम ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांची ताकद धातूत जितकी, तितकीच त्याला दिलेल्या उष्णतेच्या उपचारात असते. कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवतात, झटकन थंड करतात, फ्रेम सरळ करतात आणि मग सुमारे १७५ अंशांच्या भट्टीत काही तास 'पिकवतात'. त्यालाच टी६ म्हणतात. नंतर कुणी एके ठिकाणी टाका घातला की त्याच्या शेजारच्या पट्ट्यातला तो सगळा संस्कार उतरतो आणि तिथला धातू ताकदीत अर्ध्याच्या आसपास येतो. पुढचा तडा त्या मऊ पट्ट्यातून जाणारच. अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालून, वाकू न देता बाहेर काढणारा कुणी असेल तर गोष्ट वेगळी, पण तेवढ्या खर्चात दुसरी फ्रेम येते.

स्टीलचं तसं नाही. हायटेन किंवा क्रोमोली (दोन्ही स्टीलचेच प्रकार) फ्रेमला तडा गेला तर चांगला कारागीर तो ब्रेझिंगने किंवा वेल्डिंगने जोडतो आणि ती वर्षानुवर्षं चालते. कार्बनही दुरुस्त होतो, पण ते काम ज्याचं आहे त्यालाच द्या. गाडीच्या बंपरवर फायबर थापणाऱ्याकडे नेऊ नका.

नवी फ्रेम, जुनी चूक

मग मी दुसरी फ्रेम घेतली. जुनी १७ इंची होती आणि 'बसत होती', म्हणून नवीही १७ इंचीच. जुन्या फ्रेमला ३१.६ मिमी व्यासाची सीटपोस्ट लागायची, नवीला ३०.९, म्हणून दुकानातून ३०.९ ची ३५० मिमी लांब पोस्ट घेतली. आठ महिन्यांनी 'कर्र'.

या वेळी मी फ्रेम बनवणाऱ्याला शिव्या घालत आमच्या नेहमीच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी शिव्या ऐकून घेतल्या, चहा सांगितला आणि पोस्टला कॉलरच्या (पोस्ट आवळणाऱ्या कड्याच्या) कडेशी चिकटपट्टी लावली. मग पोस्ट बाहेर काढून सीट ट्यूबच्या बाहेरून, चिकटपट्टी कॉलरच्या रेषेत येईल अशी उभी धरली.

पोस्टचं खालचं टोक बरोबर तड्यावर होतं.

"अरे, पोस्ट इथंच संपतेय. तुझं अख्खं वजन या एका रेषेवर नाचतंय," काका म्हणाले. मी म्हटलं, "पण काका, मिनिमम इन्सर्शनची खूण, पोस्ट निदान इतकी आत हवी ती, तर आत होती, मी दर वेळी बघायचो." त्यावर ते हसले. "ती खूण पोस्टवाल्याने पोस्टसाठी केलीय. तुझी फ्रेम कुठली आहे ते त्याला काय माहीत?"

माझ्या तिन्ही तड्यांचं उत्तर एवढंच होतं, आकड्यांत सांगतो. माझी उंची १७८ सेंमी, बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७५० मिमी लागतात. १७ इंची फ्रेमवर त्यासाठी पोस्ट सुमारे २६३ मिमी बाहेर काढावी लागते. ३५० मिमीची पोस्ट, म्हणजे आत राहिली ८७. पोस्टवरची खूण ८० ला, म्हणजे ती नळीत जेमतेम लपलेली. आणि फ्रेमकडून बघा: सीट ट्यूब टॉप ट्यूबच्या वर ४५ मिमी निघालेली, टॉप ट्यूबचा जोड तिथून आणखी ४० मिमी खालपर्यंत. बेरीज ८५. म्हणजे पोस्ट नेमकी खालच्या टाक्यापाशी संपत होती. वरचा सगळा भाग आत पोस्ट असल्यामुळे ताठ, आणि खालची नळी एकदम पोकळ. प्रत्येक खड्ड्याला सीट मागे वाकायला बघते आणि नळी त्याच एका रेषेवर दुमडायला बघते. अ‍ॅल्युमिनियमला अशा लहान-लहान वाकण्यांचा हिशोब लक्षात राहतो. स्टीलमध्ये ताण एका मर्यादेच्या खाली असेल तर थकवा साचत नाही, अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडा-थोडा साचतच जातो.

पोस्ट टॉप ट्यूबच्या खालच्या टाक्याच्या निदान २५ मिमी पुढे गेली पाहिजे. पोस्टवर खूण कुठेही असो. तुमच्या सायकलवर ही चिकटपट्टीची तपासणी आजच करा, दोन मिनिटांचं काम आहे. पोस्ट लहान असेल तर ४०० मिमीची घ्या, फक्त आधी सीट ट्यूब आतून तेवढी सरळ आहे का आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट आड येतात का ते बघा.

याच जागेचा अजून एक रोग आहे. पोस्टचा व्यास चुकीचा असणं. ३१.६ च्या फ्रेममध्ये ३०.९ ची पोस्ट जाते, कॉलर करकचून आवळली की धरतेही. काही दिवसांनी सीट ट्यूबच्या वरच्या फटीपासून उभी चीर सुरू होते. लहान पोस्ट वापरायचीच असेल तर मधे योग्य जाडीची शिम (पोस्टभोवतीचं अस्तर) हवी आणि तीही लांब, दोन बोटांची नव्हे. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून शिम करणारे कलावंत मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडा

कारण कळलं, आता फ्रेम. पण दुकानात किंवा ऑनलाइन फ्रेम बघण्याआधी जुनी सायकल पूर्ण उघडून सगळे भाग जमिनीवर मांडा आणि व्हर्नियर हातात घ्या. तुमच्याकडे जे भाग आहेत तेच फ्रेम ठरवणार, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझ्या मते सर्वांत महागडी चूक फोर्कच्या बाबतीत होते, म्हणून सुरुवात तिथून.

फोर्कच्या वरच्या नळीचा, म्हणजे स्टिअररचा व्यास मोजा. जुन्या सायकलींवर तो वरपासून खालपर्यंत २८.६ मिमी असतो, नव्यांवर वर २८.६ आणि खाली, क्राउनपाशी, ३८.१. दुसऱ्या प्रकाराला टेपर्ड म्हणतात. सरळ नळीचा फोर्क टेपर्ड हेड ट्यूबमध्ये बसवता येतो, खाली एक रिड्यूसर रेस (फरक भरून काढणारं कडं) लावली की झालं. उलटं मात्र होत नाही: आतून ३४ मिमी व्यासाच्या जुन्या हेड ट्यूबमध्ये टेपर्ड फोर्क जातच नाही. मधला, सरळ ४४ मिमीचा हेड ट्यूब मला सगळ्यात सोयीचा वाटतो. त्यात सरळ फोर्क चालतो, आणि पुढेमागे टेपर्ड घेतला तर खाली बाहेरून बसणारा कप लावून तोही चालतो.

व्यासाइतकीच स्टिअररची लांबी महत्त्वाची आणि ती हमखास विसरली जाते. फोर्क पहिल्यांदा बसवतानाच स्टिअरर त्या फ्रेमच्या मापाने कापलेला असतो आणि कापलेला पुन्हा लांब होत नाही. माझा १८५ मिमी आहे. जुन्या फ्रेमचा हेड ट्यूब ११०, हेडसेटचे बाहेरचे कप २७, स्टेम ४०, म्हणजे १७७, वर ८ मिमीच्या चकत्या. मला एक फ्रेम फार आवडली होती, हिरवी, किंमतही बरी. तिचा हेड ट्यूब १३० निघाला. १३० अधिक २७ अधिक ४०, म्हणजे १९७. स्टिअरर १२ मिमी तोकडा. पैसे देण्याआधी ही बेरीज केली म्हणून वाचलो.

दुसरं मागचं चाक. ड्रॉपआउटच्या आतल्या अंगांमधलं अंतर मोजा. क्विक रिलीजच्या (खटका उघडून चाक सुटतं त्या) जुन्या माउंटन बाइकला १३५ मिमी, थ्रू एक्सलवाल्यांना (दांडा आरपार जातो त्यांना) १४२, आणि गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक नव्यांना १४८, ज्याला बूस्ट म्हणतात. काही १३५ चे हब (चाकाचे मधले तुंबे) टोकांच्या टोप्या बदलून १४२ ला चालतात, तुमच्या हबसाठी त्या मिळतात का ते आधी विचारा. १४८ साठीही किट मिळतात, त्यात रोटरखाली चकती घालून चाक पुन्हा मधोमध ओढून घ्यावं लागतं. होतं, पण मला तो जुगाड वाटतो. १३५ ची फ्रेम दोन्ही हातांनी फाकवून १४२ करणाऱ्यांसाठी: स्टील थोडं ऐकून घेतं, अ‍ॅल्युमिनियमवर हा प्रयोग करू नका.

चाकाचा आकार उघड आहे, तरी टायरवर छापलेला आकडा वाचा. २६ इंचीला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतीसला ६२२. डिस्क ब्रेक असेल तर २९ च्या फ्रेममध्ये साडेसत्तावीसचं चाक फिरतं खरं, पण बॉटम ब्रॅकेट खाली येतो आणि पायडल दगडांवर आपटतं. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी फट राहू द्या, काळी माती आठवा.

बॉटम ब्रॅकेट: आट्यांचा असेल तर सुटलात. माउंटन बाइकची नळी बहुधा ७३ मिमी रुंद, काही वेळा ६८. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो. हे विसरून पान्ह्यावर उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. ज्या फ्रेमला आटे नाहीत, कप नुसता दाबून बसवायचा, त्या प्रेसफिट. त्यात नळीचं माप जरा इकडेतिकडे असलं की चिखल-पाण्यात कुरकुर सुरू. आपल्या चार महिन्यांच्या पावसात, निवड हातात असेल तर मी आट्यांचीच फ्रेम घेईन.

पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) असेल तर सावध. हल्लीच्या बऱ्याच फ्रेम पुढे एकाच चेनरिंगसाठी आखलेल्या असतात. डिरेलर लावायला जागाच नसते, आणि जुन्या तीन चकत्यांच्या क्रँकमधली मोठी चकती चेनस्टेला घासते. तीन चकत्या ठेवायच्या तर फ्रेमची सीट ट्यूब बाहेरून किती, २८.६, ३१.८ की ३४.९, हे मोजून डिरेलरच्या पट्ट्याशी जुळवा.

ब्रेकचं त्या मानाने सोपं. कॅलिपर बसवायचे दोन प्रचलित प्रकार आहेत, त्यांत अ‍ॅडॅप्टर मिळतात. रिम ब्रेक असतील तर फ्रेमवर त्यांचे खुंट आहेत का तेवढं बघा. मागच्या डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जिथे टांगतात तो कान) प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, २०१९ पासून एक समाईक हँगर आला आहे पण जुन्या फ्रेमना तो लागत नाही. म्हणून फ्रेम घेतानाच दोन हँगर जास्तीचे घ्या. तीन वर्षांनी नेमका तोच मिळत नाही.

फुल सस्पेन्शनवाल्यांनी वरच्या सगळ्याशिवाय मागच्या शॉकची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी आणि स्ट्रोक मोजावा. मी स्वतः हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) चालवतो, त्यामुळे इथेच थांबतो.

साइझ: सीट ट्यूबवर जाऊ नका

१७ इंच, १८ इंच हा आकडा सीट ट्यूबचा असतो आणि त्यावरून फ्रेम आपल्याला होईल की नाही हे धड कळत नाही. बघायचे ते दोन आकडे: रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर, आणि स्टॅक, म्हणजे त्याच दोन बिंदूंतलं उभं अंतर. जुन्या सायकलचे हे आकडे घरी काढता येतात. सायकल सरळ उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत मोजा, मग भिंतीपासून हेड ट्यूबच्या माथ्याच्या मध्यापर्यंत. वजाबाकी म्हणजे रीच. स्टॅकसाठी त्याच दोन बिंदूंची जमिनीपासूनची उंची. माझा रीच ४१५ निघाला, स्टेम ९० मिमीचा. नव्या फ्रेमचा रीच ४४० आहे, म्हणून स्टेम ६० चा लावला. बसणं जवळजवळ तेच राहिलं आणि उतारावर हँडल अंगावर येत नाही.

शेवटी कुठली घेतली

नुसती फ्रेम आपल्याकडे सहज मिळत नाही. मूळ सायकलची वॉरंटी असेल तर आधी तिकडे जा. बऱ्याच कंपन्या फ्रेमवर लांब मुदतीची वॉरंटी देतात, पण पहिल्या मालकाला आणि बिल असेल तरच. धडकेने तुटली असेल तर ती लागू होत नाही, आणि वेल्डिंग केलेल्या फ्रेमकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. मी वॉरंटीला न जाता आधी भोसरीला गेलो, ते या कामातलं माझं सगळ्यात महागडं पाऊल. परदेशातून मागवायची तर कस्टम ड्यूटी आणि कर धरून हिशोब करा. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा: फ्रेम, हेडसेट, पोस्ट, कॉलर, केबल, मजुरी या सगळ्यांची बेरीज करून तेवढ्यात चांगली वापरलेली अख्खी सायकल मिळते का. पुष्कळदा मिळते. मग तीच घ्या आणि तुमचे बरे भाग तिला लावा.

मला एक वापरलेली क्रोमोली फ्रेम मिळाली: १८ इंची, ४४ मिमीचा हेड ट्यूब, मागे १३५, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट, पोस्ट ३०.९, डिरेलरचा पट्टा ३४.९. जुनीपेक्षा साधारण अर्धा-पाऊण किलो जड. सिंहगडाच्या चढावर ते जाणवतं, नाकारत नाही.

वापरलेली फ्रेम घेताना दोऱ्याची परीक्षा घ्या. नायलॉनचा दोरा एका ड्रॉपआउटला बांधून हेड ट्यूबभोवती वळवा आणि दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर मोजा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. मी विक्रेत्याच्या पार्किंगमध्ये हे करत बसलो तेव्हा त्याची आई गॅलरीतून विचारत होती, "पतंग उडवणार का रे?" फरक एक मिमी निघाला. सीट ट्यूबमध्ये टॉर्च मारून आतला गंजही बघा, स्टीलचा शत्रू तोच. वरचा तपकिरी थर चालतो, पापुद्रे सुटत असतील तर नको.

बसवताना आट्यांना आणि पोस्टला ग्रीस, कॉलर ५ ते ६ न्यूटन-मीटर, त्याहून आवळू नका. पोस्ट ४०० मिमीची घेतली. २३८ बाहेर, १६२ आत. जोड कॉलरपासून ७२ मिमीवर संपतो, म्हणजे पोस्ट त्याच्याही ९० मिमी खाली जाते. काकांनी ती पुन्हा नळीच्या बाहेरून धरून दाखवली, मी न सांगता.

दुसऱ्याच आठवड्यात ए.आर.ए.आय. संस्थेच्या बाजूने टेकडी चढताना 'कर्र'. मी जागीच उतरलो, सायकल आडवी केली, टॉर्च काढली. सीटच्या रेलचा मागचा बोल्ट पाव वळसा ढिला होता.